आजीची पहाट, नातवंडांची रात्र

प्रश्न: आम्ही मूळचे मुंबईचे, सध्या न्यू जर्सीत. सासूबाई भायखळ्याला असतात. आगमनकाळ (नाताळाआधीचा चार रविवारांचा काळ) लागला की त्या रोज पहाटे घरच्या ग्रुपवर बायबलचा उतारा आणि त्यावरचं मनन स्वतःच्या आवाजात पाठवतात, चांगलं दहा मिनिटांचं. मुलं (वय १२ आणि ८) ऐकत नाहीत. सासूबाई विचारतात तेव्हा मी 'ऐकलं' म्हणून सांगते. यंदा काय करू?
— एक सून, एडिसन

उत्तर: 'मुलांना कळत नाही' एवढंच कळवून थांबलात, तर सासूबाई उद्यापासून पंधरा मिनिटं बोलतील, नीट समजावून. त्यापेक्षा त्यांचं काम बदला. बोलायचं नाही, फक्त वाचायचं. तेही रेकॉर्ड करून नाही, व्हिडिओ कॉलवर, मुलांकडे बघत.

डिसेंबरात तुम्ही मुंबईच्या साडेदहा तास मागे असता. त्यांचे सकाळचे साडेसहा म्हणजे तुमचे रात्रीचे आठ. त्यांचा पहिला चहा, तुमची जेवणं उरकलेली. घोळ होतो तो तारखेचा, कारण त्यांच्याकडे दहा तारीख उजाडलेली असते आणि तुमच्याकडे नऊच चालू असते. मुलांची तारीख धरा, आगमनकाळाच्या कॅलेंडरवर नाताळपर्यंत रोज एक खिडकी उघडायची असते, मुलं ती त्याच तारखेची उघडतात. (मेलबर्नच्या वाचकांनी हा हिशोब उचलू नये. तिथल्या मुलांची रात्रीची साडेआठची वेळ म्हणजे मुंबईत दुपारचे तीन, आणि आजीची झोप मोडून शास्त्र वाचून घेण्यात काही पुण्य नाही.)

आता वाचायचं काय? लूकच्या शुभवर्तमानाचे (बायबलमधल्या येशूचरित्राचे) अध्याय २४, म्हणून १ ते २४ डिसेंबर रोज एक, अशी पद्धत पुष्कळ घरांत आहे. मोठ्यांनी जरूर करावी. मुलांसाठी मला ती पटत नाही. पहिलाच अध्याय ८० वचनांचा, आणि २३ तारखेला घरात करंज्या तळत असताना तुम्ही थेट येशूच्या वधस्तंभापाशी. त्याऐवजी लूकचा पहिला अध्याय पूर्ण, दुसऱ्यातली पहिली २० वचनं आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय घ्या. एकूण वचनं १२५. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कधीही येतो, म्हणजे हाताशी २२ ते २८ दिवस. रोज पाचेक वचनं झाली. तीन मिनिटंही लागत नाहीत.

सुरुवात जखऱ्यापासून होते हे फार बरं आहे. म्हातारा याजक, म्हणजे पुजारी, मंदिरात एकटा, देवदूत सांगतो की तुला मुलगा होईल, याचा विश्वास बसत नाही आणि वाचाच जाते. पोर जन्माला येईपर्यंत मुका! तिथंच थांबा. धाकट्याला सांगा, आज जेवताना एक शब्द न बोलता पोळी मागून दाखव. मग काही दिवसांनी बारशाचा गोंधळ येतो. नातेवाईक म्हणतात बापाचंच नाव ठेवा, आणि जखऱ्या पाटी मागवून नाव लिहितो, योहान. आठ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. मोठा कदाचित विचारेल, अविश्वासाबद्दल शिक्षा एवढी मोठी का? येशूच्या आईने, मरीयेनेही, देवदूताला 'हे कसं होईल' विचारलंच होतं की, तिला का नाही झाली? असा प्रश्न आला की सासूबाईंना उत्तर द्यायचा मोह होईल. त्यांना आधीच सांगून ठेवा, एक दिवस थांबा. प्रश्न रात्रभर पोराच्या डोक्यात राहिला तर मनन त्याचं झालं. लगेच उत्तर मिळालं तर ते आजीचंच राहतं.

मत्तयाची वंशावळी, म्हणजे येशूच्या पूर्वजांची यादी, लोक गाळतात. गाळू नका. नावांवर मुलं हसतील, हसू द्या. पाचव्या वचनात रूथ येते. मवाब देशातली सून, नवरा वारल्यावर सासूबरोबर परक्या मुलखात, बेथलेहेमला आलेली. ती गोष्ट त्या दिवशी सासूबाईंनी नाही, तुम्ही सांगा.

मागी लोक (तारा पाहून बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी) आणि हेरोद राजा यांची गोष्ट नाताळनंतर ६ जानेवारीपर्यंत वाचा, मागी लोकांचा दिवस तोच. मिसरला पळून जाणाऱ्या येशूच्या कुटुंबाची गोष्ट सुट्टीत निवांत होते.

आणखी एक. या तीन मिनिटांत मराठीचा तास घेऊ नका. आजीने मराठीत वाचावं, मुलांच्या हातात इंग्रजी बायबल असेना का. उच्चार कुणी कुणाचे सुधारायचे नाहीत. सासूबाईंच्या जुन्या प्रतीतली भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या. मुंबईत मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) छापला गेला त्या १८२६ सालापासून भाषांतरं पुन्हा पुन्हा झाली आहेत, त्यात अधर्म काही नाही. आगमनकाळाच्या चार रविवारांच्या चार मेणबत्त्या लावत असाल तर तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी. धुराचा अलार्म वाजत असेल तर बॅटरीच्या चालतील. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका, पुढे चला.

राहिलं सासूबाईंना सांगणं. 'आई, रेकॉर्डिंग मुलं ऐकत नाहीत, तुम्ही समोर बसून वाचाल का?' एवढंच. पण तुमच्या पत्रात यजमानांचा उल्लेख कुठेच नाही. आई त्यांची आहे. फोन त्यांनी लावावा.