डग्गा आधी

दांडिया बाजार, बडोदे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. पहिल्यांदा भाजी चिरत होते म्हणून अर्धाच कळला. तिसऱ्यांदा लक्षात आलं की तुला जे खरं विचारायचंय ते अगदी शेवटी पुटपुटला आहेस: "मावशी, घरोघरी जाऊन आजारी-म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं हे तुझं काम मुलाने करावं का?" आधीचं कोर्स, एजंट, लंडन वगैरे सगळं नमनाचं तेल. फोनवर मी भरकटते आणि तू नुसता "हो, हो" करतोस, म्हणून लिहूनच कळवते.

करावं. पुरुष अटेंडंट मिळत नाही म्हणून इथले ब्यूरोवाले, म्हणजे घरोघरी अटेंडंट पुरवणारे, रडत असतात. ज्या आजोबांनी उभ्या जन्मात परक्या बाईसमोर सदरा काढला नाही, त्यांना एके दिवशी मी अंघोळ घालायला उभी राहते तेव्हा ते डोळे मिटून घेतात. तिथे तुझ्यासारखा मुलगा असला तर अर्धी लाज कमी होते. मात्र अंगातल्या ताकदीच्या भरवशावर येऊ नकोस. जिममध्ये कमावलेल्या दंडांवर आलेली पोरं मी पाहिली आहेत, आजोबांना काखेत धरून उचलतात आणि सहा महिन्यांत कंबर धरून घरी बसतात. शिवाय काखेत धरून ओढलं की लकवा झालेल्या माणसाचा खांदा निखळू शकतो. उचलायचं नसतंच. पलंगाच्या कडेला बसवायचं, पाय जमिनीला टेकवायचे, खुर्ची त्यांच्या चांगल्या बाजूला लावायची आणि "एक, दोन, तीन"ला त्यांना स्वतःला उठू द्यायचं. आपण फक्त तोल धरायचा.

हे मला कुठल्या कोर्सने शिकवलं नाही. मी २००४ मध्ये या कामाला लागले. भांडवल एवढंच, की सासूबाई दीड महिना एसएसजी या इथल्या सरकारी इस्पितळात होत्या आणि तिथल्या सिस्टरांचे हात मी बघत बसायचे. बाकीचं शिकवलं ते एका सरांनी. रावपुऱ्यातला जुना वाडा, वरच्या मजल्यावर सर. सयाजीराव महाराजांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या संगीतशाळेत, म्हणजे आताच्या सूरसागरासमोरच्या कॉलेजात, शिकलेले. पन्नास वर्षं तबल्याच्या शिकवण्या केल्या. लकवा आला तो डाव्या अंगाला. डावा हात म्हणजे त्यांचा डग्ग्याचा, तबल्याच्या जोडीतल्या मोठ्या वाद्याचा हात. वाचा शाबूत होती, आणि ती वापरायचेही भरपूर.

पहिल्या दिवशी मी त्यांचा सदरा घालायला घेतला आणि सवयीने उजवा हात आधी बाहीत घातला. मग लुळा डावा हात उरलेल्या अरुंद बाहीत कोंबताना त्यांच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती खालच्या मजल्यापर्यंत गेली. फिजिओ आले तेव्हा त्यांनी सांगितलं: घालताना लुळा हात आधी, काढताना शेवटी. सरांनी ते ऐकलं आणि लगेच बोल बांधले: "डग्गा आधी आत, डग्गा शेवटी बाहेर." पुढे रोज सकाळी सदरा हातात घेतला की सर आधी हे म्हणायचे आणि मगच मी हात लावायचा. आजही कुणाच्या बाहीला हात घालताना मनात तेच चालतं. तू पाठ कर.

आता ताटाची गोष्ट, हिच्यासाठीच हे पत्र लांबलंय. सर रोज जेवायला बसले की म्हणायचे, "आज चटणी नाही?" चटणी असायची. कोशिंबीर, लिंबाची फोड, मीठ, सगळी डावी बाजू नीट वाढलेली असायची. सून बिचारी सकाळी उठून ताजा नारळ खवायची आणि हे म्हणायचे, चटणी नाही. चार दिवस तिने ऐकून घेतलं, पाचव्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. घरात कुजबुज सुरू झाली की म्हाताऱ्याला सुनेचा आकस आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग एकदा मी त्यांची दाढी केल्यावर आरसा समोर धरला, म्हटलं, झाली का बघा. ते म्हणाले, झाली. त्यांचा डावा गाल अर्धा तसाच राहिला होता, फोन आल्याने मी मध्येच उठले होते. इतका टापटिपीचा माणूस, त्याला तो दिसलाच नाही! संध्याकाळी ताट बघितलं तर मधोमध रेघ मारल्यासारखं: उजवीकडची भाजी, पोळी संपलेली, डावीकडे बोटसुद्धा लागलेलं नाही. फिजिओंना विचारलं. ते म्हणाले, डोळे ठीक आहेत, पण मेंदूच्या उजव्या भागाला मार बसला की काही जणांना जगाची डावी बाजू असल्याचंच भान राहत नाही. सांगितल्याशिवाय मान तिकडे वळतच नाही.

मी म्हटलं, सोपं आहे, ताट फिरवून देते. ते म्हणाले, "नको, ताई. त्यांना शोधू द्या." मग ताटाच्या डाव्या काठाशी लाल रुमाल ठेवायचा आणि म्हणायचं, "सर, रुमाल दिसेपर्यंत मान वळवा." पहिल्या दिवशी चटणी सापडायला किती वेळ लागला म्हणून सांगू! पोळी गार झाली. सून दारात उभी होती. सापडली तेव्हा सर म्हणाले, "अरे, नारळाची आहे." त्या दिवसानंतर त्या घरात आकस हा शब्द कुणी काढला नाही.

म्हणून तुला पहिल्या महिन्यात एकच काम देणार आहे: बघायचं आणि वहीत लिहायचं. किती खाल्लं, ताटात कुठल्या बाजूचं राहिलं, लघवी किती वेळा, रंग कसा, शौच कधी, झोप किती, कुठली गोळी किती वाजता. "ठीक आहे" हे दोन शब्द वहीत दिसले तर मी पान फाडीन. पुढे कधी कुणाचा चेहरा अचानक वाकडा झाला, हात खाली पडला, जीभ जड झाली तर १०८ लावायचाच, पण डॉक्टर पहिलं हे विचारतात की माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता पाहिला. गुठळीमुळे झालेल्या लकव्यावरचं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि तास मोजतात ते त्या वेळेपासून. घरचे गोंधळलेले असतात. वही तुझ्या हातात असते.

आणि बघायचं म्हणजे मोजे काढून बघायचं. एका हिवाळ्यात मांडवीजवळच्या एका आजींकडे होते. त्यांना थंडी फार, म्हणून लोकरी मोजे काढू द्यायच्या नाहीत. मी लाड केले. स्पंजिंग रोज करायचे, पण घोट्याच्या वरपर्यंतच. आठव्या दिवशी मोजा काढला तर टाचेवर जांभळा डाग, दोन दिवसांत काळा. टाचेचा बेडसोर, म्हणजे पडून राहून दाबाने झालेली जखम, भरायला चार महिने लागले. घरचे मला एक अक्षर बोलले नाहीत, ते जास्त लागलं. तेव्हापासून रोज सकाळी टाचा, माकडहाड, कुल्हे, कोपर, कानामागे. लाल दिसलं की बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं पडून पुन्हा रंग आला तर बरं. लालच राहिलं तर त्या जागेवर भार बंद आणि सिस्टरला फोन. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं: आजूबाजूपेक्षा गरम लागतं का, कडक लागतं का. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटरीखाली उशी द्यायची म्हणजे टाच अधांतरी राहते. शेजारणी सांगतील, लाल जागेवर तेल चोळ. चोळायचं नाही.

खाण्याचं एक. बडोद्याच्या माणसाला सेव-उसळ हवीच असते, आणि प्रेमाने ती गुपचूप भरवणारा एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात असतो. गिळायला त्रास असलेल्या माणसाला पातळ रस्सा आणि कुरकुरीत सेव एका घासात देणं सगळ्यांत वाईट. रस्सा आधीच घशात जातो आणि सेव तोंडात राहते. मग ठसका, आणि दोन दिवसांनी ताप. ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली, छोटा घास, आधीचा गिळला की पुढचा. जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

आता कोर्स. जनरल ड्यूटी असिस्टंट, ज्याला सगळे जीडीए म्हणतात, तो कर. त्याच्याच बरोबरीचा होम हेल्थ एड आहे, तो घरी जाऊन काम करण्यासाठी. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळतं ना, ते विचारून घे. पण त्याहून आधी तिथली प्रॅक्टिकलची खोली बघायला माग. पलंग आहे का, चादर माणूस पलंगावर असताना बदलून दाखवतात का, वॉर्डात किती दिवस पाठवतात. नुसता प्रोजेक्टर आणि खुर्च्या दिसल्या तर पैसे खिशातच ठेव.

एजंटचं मात्र मला हसू आलं आणि रागही आला. लंडनला केअर वर्कर म्हणून पाठवतो, पाच लाख दे, म्हणतोय. अरे, ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून केअर वर्करची परदेशातून नवी भरतीच बंद केली आहे. त्याआधी ११ मार्च २०२४ पासून बायकामुलांना बरोबर न्यायला बंदी घातली होती. दुसऱ्या कुठल्या देशाचं नाव काढलं तर त्याचा नोंदणी क्रमांक माग. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर ती तपासता येते, आणि त्याला सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. पाच लाख कसले?

तिकडचं एक मात्र घेण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून नव्या माणसासाठी 'केअर सर्टिफिकेट' असतं, सुरुवातीला त्यात पंधरा विषय होते. खाणंपिणं, इन्फेक्शन हे आहेच, पण माणसाची अब्रू आणि खाजगीपणा हा वेगळा विषय, आणि त्याच्यावर कुणी अत्याचार करत असेल तर काय करायचं हाही वेगळा. आपल्याकडे हे दोन्ही ज्याच्या त्याच्या संस्कारांवर सोडलेलं.

म्हणून माझे नियम. दार लावून, अंगावर चादर ओढून, मग कपडे काढायचे. पुरुषाला 'बाळा' म्हणायचं नाही, मास्तर असतील तर मास्तर, भाई असतील तर भाई. बाईमाणसाची स्वच्छता असेल तर घरच्या बाईला हाक मारायची. पहिल्या दिवशी अंगावरच्या दागिन्यांची यादी करून घरच्यांची सही घ्यायची, पुढची बोलणी वाचतात. एटीएमचा पिन कानावर पडला तरी सांगायचं की बदला. आणि कुठल्याही कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची नाही. एका घरी माझ्यासमोर मुलाने वडिलांचा अंगठा स्टँपपेपरवर टेकवला, वडिलांना वार कुठला तेही सांगता येत नव्हतं, आणि मला म्हणाला, "बेन, इथे सही." मी नाही केली, त्याच संध्याकाळी काम गेलं. तेव्हा कुणाला सांगायचं ते ठाऊक नव्हतं. आता १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदाही आहे. सांभाळीन या अटीवर घर लिहून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर ते लिहून दिलेलं रद्द करून घेता येतं. आजोबांना हे माहीत नसतं.

पैशांचं थोडक्यात. ब्यूरो घरच्यांकडून किती घेतो आणि तुला किती देतो ते पहिल्याच दिवशी विचार. बारा तास की चोवीस, हे लिहून घे. चोवीस असेल तर सलग सहा तास झोप कुठली, तेही. "तू तर घरचाच आहेस" हे वाक्य साधारण महिनाअखेरीला ऐकू येतं. त्यावर हसायचं आणि पगाराची तारीख सांगायची.

सर गेले त्याला तीन वर्षं झाली. सुनेने तो लाल रुमाल मला दिला, माझ्या पिशवीत असतो.

सध्या कारेलीबागेत एक आजोबा आहेत, नव्वद पूर्ण, स्वभावाने तिखट. शनिवारी सकाळी साडेसातला माझ्याबरोबर चल, त्यांना विचारून ठेवलंय. म्हणाले, "मुलगा गप्प बसणारा असेल तर आण." नखं कापून ये, अंगठी आणि मनगटातलं ते कडं घरी ठेव, आणि खाऊन ये. बरोबर एक वही आण, शंभर पानी पुरे.

तुझी
मावशी