नाटक-सिनेमात म्हातारी माणसं नेहमी वाकलेली, खोकणारी, रडकीच का दाखवतात?

कारण म्हातारपण रंगवणारे बहुतेकदा म्हातारे नसतातच. ‘सारांश’ (१९८४) आला तेव्हा त्यातला निवृत्त मास्तर झालेले अनुपम खेर २९ वर्षांचे होते. ‘मदर इंडिया’तली आई नर्गिस आणि मुलगा सुनील दत्त, दोघांचाही जन्म जून १९२९ चा. डॉ. श्रीराम लागू ‘नटसम्राट’ नाटकातले म्हातारे नट बेलवलकर म्हणून उभे राहिले ते ४३ व्या वर्षी. त्यांनी जीव ओतला. मागून आलेल्यांनी काठी आणि थरथरता आवाज तेवढा उचलला.

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात. देवळाच्या उत्सवात पालखी झाली की नाटक, आणि ते मराठीच. एका वर्षीच्या नाटकात आजीचं मोठं काम होतं. माझी आई तेव्हा सत्तरी ओलांडलेली. पहाटे कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी सोडायची, पडलेल्या सुपाऱ्या वेचून डोक्यावरून आणायची. शिवाय पूर्वी उत्सवात कामं केलेली, आवाज मागच्या रांगेपर्यंत जाणारा. तिनं आपणहून काम मागितलं. दिग्दर्शकानं तालमीत चालून दाखवायला सांगितलं, ती घरात चालते तशी चालली. तर म्हणतो, ‘मावशे, आजी अशी चलना!’ म्हणजे आजी अशी चालत नाही. काम मिळालं कॉलेजातल्या पोरीला. केसांना पावडर, कमरेत बाक, दर वाक्याला खोकला. आईला म्हणाले, प्रॉम्प्टिंग कर. ती गेली नाही, आणि बरंच केलं.

माझा धाकटा भाऊ उत्सव समितीवर आहे. तो अजूनही दिग्दर्शकाचीच बाजू घेतो: ‘लांबून बघणाऱ्याला कळायला नको, ही म्हातारी आहे म्हणून?’ अरे, पुढच्या खुर्च्यांवर सगळ्या आज्याच बसलेल्या असतात! त्यांना काय कळायचं राहिलंय?

दुबळेपण, एकटेपण खोटं आहे असं मी म्हणत नाही. मुलं आखातात नाहीतर पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडात, आणि एवढ्या मोठ्या घरात दोघंच, अशी घरं आमच्या गोव्यात भरपूर आहेत. ते दाखवावंच. पण त्याच घरातली बाई बागायतीचा हिशेब ठेवते, मजुरांशी भांडते, भजनाला पेटी वाजवते, ते कुठल्या मालिकेत येतं? जाहिरातीत तिला गुडघ्याच्या तेलापुरतीच बोलावतात.

तुम्हीही गावच्या नाटकाला वर्गणी देत असाल तर पैसे हातात ठेवण्याआधी विचारा, आजीचं काम कोण करतंय? मी दरवर्षी विचारतो. भावालाही, सगळ्यांसमोर.