गावकारभार : प्रश्न तुमचे, उत्तरं निवृत्त ग्रामसेवकाची

मार्च जवळ आला की पत्रांचा सूर बदलतो. एरवी घरकुलाचा हप्ता, नळाचं पाणी, घरटॅक्सची पावती. या दिवसांत मात्र जो तो विचारतो, सालभराचा हिशोब मांडायचा कसा आणि पुढच्या सालाचं ठरवायचं कसं. वर्धा जिल्ह्यात ग्रामसेवकी करून मी निवृत्त झालो. आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. काम तेच आहे, कागद तेवढे वाढले. या अंकात त्याच विषयाची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी पहिल्यांदाच सरपंच झाले. यंदा आम्ही नाला खोलीकरण केलं, अंगणवाडी दुरुस्त केली, स्मशानभूमीत शेड उभारलं. सदस्य म्हणतात, चौकात मोठा फ्लेक्स लावू, तोच वार्षिक अहवाल. एवढं पुरेल का?
— एक महिला सरपंच, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

ताई, फ्लेक्स खुशाल लावा, हौसेला मोल नसतं. पण त्याला अहवाल म्हणू नका. फ्लेक्सवर चेहरे मोठे आणि काम बारीक अक्षरात असतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चं कलम ८ एकदा स्वतः वाचा. आर्थिक वर्ष लागलं की दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यायची. तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, चालू वर्षात करायची कामं आणि शेवटच्या लेखापरीक्षणातले आक्षेप त्यांच्या उत्तरांसह ठेवायचे. म्हणजे १ मेची सभा खरी याच कामाची. झेंडावंदन, सत्कार आणि चहा यांत ती उरकून जाते, ते वेगळं.

जमाखर्च नमुना ३ मध्ये असतो. तो जसाच्या तसा वाचला तर तिसऱ्या ओळीला लोक जांभया देतात. म्हणून प्रत्येक कामाची जागा सांगा. 'नाला खोलीकरण : पूर्ण' याने कोणालाच काही कळत नाही. कोणाच्या धुऱ्यापासून (शेताच्या बांधापासून) कोणाच्या धुऱ्यापर्यंत, मंजूर किती, खर्च किती, निघालेली माती कुठे टाकली, हे सांगितलं की मागे बसलेला माणूसही मान वर करतो.

माझ्याकडच्या एका गावात सार्वजनिक विहिरीच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या ऑइल पेंटच्या रेघा होत्या. दर होळीला एक पोरगा लोखंडी कड्यांवरून खाली उतरायचा, पाणी असेल तिथे रेघ मारायचा आणि शेजारी साल लिहायचा. चुना पावसाळ्यात धुऊन जातो म्हणून पेंट. नाला खोल केला त्याच्या पुढच्या होळीची रेघ चांगली हातभर वर होती. मग नाल्यात गाळ भरत गेला आणि रेघा परत खाली सरकल्या. गाळ काढायचा ठराव त्या गावात कोणाला समजावून सांगावा लागला नाही. काठावरून वाकून पाहिलेल्या बायांनीच तो मांडला.

आणि जे राहिलं ते आधी तुम्हीच सांगा. अंगणवाडीचं नवं दार चौकटीत बसत नसेल, तर विरोधी गटातला कोणी तरी ते सांगणारच आहे.

प्रश्न : २०१६ च्या वॉटर कप या पाणी अडवण्याच्या स्पर्धेत आमच्या गावाने श्रमदान केलं. आता श्रमदान म्हटलं की चार पोरं येतात. पुढच्या वर्षाच्या नियोजनात काय घ्यावं?
— एक तरुण शेतकरी, वरुड तालुका, जि. अमरावती

भाऊ, पाणी फाउंडेशनच्या त्या पहिल्या वर्षी राज्यातून तीनच तालुके होते : वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. २०१७ ला आमच्या आर्वी तालुक्यातल्या काकडदऱ्याने राज्यात पहिला नंबर काढला. स्पर्धा ४५ दिवसांची असायची, त्या दिवसांचा चेव वेगळा. तो दरवर्षी यावा असं म्हणणं गावावर अन्याय आहे.

म्हणून नवीन खोदकाम मांडूच नका, जुनं सांभाळायचं मांडा. जुन्या कामांची यादी घ्या आणि शिवार पायी फिरा. ज्या मातीनाला बांधाचा सांडवा (जादा पाणी जायची वाट) फुटला असेल तो यादीत सगळ्यात वर, कारण पहिल्याच मोठ्या पावसात तो बांध घेऊन जातो. त्यानंतर सिमेंट बांधातला गाळ. इथे श्रमदानाच्या भाषणाची गरज नाही. गाळ वावरात टाकायला शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर आणतो. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ मध्ये आली ती याच हिशोबावर. बुजलेले सलग समतल चर (पाणी मुरवायला उतारावर आडवे खणलेले) शेवटी घ्या, ते रोजगार हमीत बसतात.

अवघड गोष्ट पुढे आहे. पाणी अडवायला सारं गाव आणि उपसायला ज्याचं बोअर खोल तो, असं तुमच्या संत्रापट्ट्यात झालं आहे. त्याबद्दल गावाच्या विकास आराखड्यात एक ओळही नसेल तर बांध दुरुस्त करून ते पाणी कोणाला मिळणार? पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास पाण्याचा ताळेबंद मांडा. विहिरी मोजा, आणि रब्बीत गहू किती, हरभरा किती यावर गावात बोला. हरभऱ्याला गव्हापेक्षा बरंच कमी पाणी लागतं. सगळे ऐकतील असं नाही, पण कोण किती उपसतो हे एकदा चारचौघांत निघालं की फरक पडतो.

प्रश्न : ग्रामसभेला कोरम होत नाही. सचिव म्हणतात, तहकूब करू, पुढच्या सभेला कोरम लागत नाही. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

नियमाने बरोबर. कोरमला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा हजर लागतो. तहकूब सभेला ती अट नाही. आणि नेमकं हेच ठाऊक असल्यामुळे काही हुशार मंडळी पहिली सभा अशा वेळी ठेवतात की कोणी येऊच नये. ऐन कापूस वेचणीत सकाळी अकराला सभा! मागे एका बाईने मला तोंडावर विचारलं होतं, "किलोमागं पैसा भेटते भाऊ, वावर सोडून तुमच्या सभेत कायले येऊ?" सभा दिवेलागणीला घ्या, कोरम होतो.

प्रश्न : महिला सभेत आम्ही सांगितलं, हापशीजवळ सांडपाणी साचतं, शोषखड्डा करा. आराखड्यात आले पेव्हर ब्लॉक. विचारलं तर म्हणतात, पैसा त्याच कामाचा होता.
— बचतगटाच्या अध्यक्ष, गोंडपिपरी तालुका, जि. चंद्रपूर

ताई, पेव्हर ब्लॉकचं वेड आपल्या विदर्भात कोणी आणलं कोण जाणे. उन्हाळ्यात पाय भाजतात, पावसाळ्यात घसरतात, तरी दर आराखड्यात हजर.

पैशाचं उत्तर मात्र पटत नाही. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता. त्यातला अर्धा पाण्यासाठी, अर्धा स्वच्छतेसाठी. शोषखड्डा त्यात सरळ बसतो, शोभेचे ब्लॉक बसत नाहीत. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो, तो कुठे गेला हेही विचारा. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव टाकलं की आराखडा मोबाईलवर दिसतो. घरातल्या कॉलेजच्या पोरीला पाहायला सांगा.

दुसरं, महिला सभेच्या इतिवृत्ताची नक्कल मागा. तुमची मागणी तिथे लिहिलीच नसेल तर भांडण चुकीच्या जागी चाललं आहे. यापुढे सभा संपताना लिहिलेलं मोठ्याने वाचून घ्यायचं आणि मगच सह्या करायच्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २००९ साली त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. सगळे त्या जंगलाबद्दल बोलतात. मला त्यांची सभेआधीची तयारी जास्त महत्त्वाची वाटते. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतो, आणि विषय सभेत येण्याआधी अभ्यासगटात चघळला जातो. वेळ लागतो, लागू द्या. तुमच्याच तालुक्यातल्या पाचगावने वनहक्काच्या बळावर बांबूचा कारभार आपल्या हाती घेतला, तिथे एकदा जाऊन या. तुमचा बचतगट महिन्याला बसतोच. हप्ते गोळा झाले की अर्धा तास या विषयाला द्या आणि ग्रामसभेत दहा जणींनी एकच मागणी मांडा.

प्रश्न : पुढच्या वर्षी शेतात जायचा पांदण रस्ता घ्यायचा आहे. दोघांनी अतिक्रमण केलंय. सुरुवात कुठून करावी?
— एक सदस्य, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

गावनकाशापासून. पांदण नकाशावर असेल आणि कोणी अडवली असेल, तर तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करता येतो. नकाशावर वाट नसेल आणि बांधावरून नवी हवी असेल, तर महसूल संहिता १९६६ चं कलम १४३.

आराखड्यात 'पांदण रस्ता : एक' एवढंच लिहू नका, महिने लिहा. अर्ज दिवाळीतच पडला पाहिजे. तूर निघाली, कपाशीची पऱ्हाटी उपटली की मोजणी. एप्रिलमध्ये मातीकाम, आणि रोहिणी लागायच्या आत मुरूम पडलेला हवा. मृगानंतर त्या काळ्या मातीत रिकामा ट्रॅक्टरही रुततो, मग साल गेलं.

त्या दोघांना नोटिशीआधी घरी बोलवा, नकाशा समोर ठेवा आणि मोजणीच्या दिवशी दोघांनाही उभं करा. मोजणीत एखाद्याचा धुरा उलट बाहेर सरकतो, जमीन वाढते. असा माणूस मग रस्त्यासाठी मुरूम स्वतःच्या ट्रॉलीने आणतो.