समजलेले गणित परीक्षेत का अडते?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. वर्गात शिकवलेले तिला समजते, प्रत्येक प्रकरणाचा सरावसंच ती नेमाने पूर्ण करते आणि उत्तरेही बहुधा बरोबर येतात. परीक्षेत मात्र तीच गणिते थोडी बदलून आली की ती अडून बसते आणि घरी येऊन उत्तर पाहिल्यावर ‘हे तर मला येत होते’ असे म्हणते. सराव आणखी वाढवावा का? – एक पालक

उत्तर : सराव वाढवण्याआधी तो कसा होतो आहे, ते पाहावे. सरावसंचात एका प्रकरणाची सगळी गणिते एकाखाली एक येतात. अवयव पाडण्याच्या प्रकरणातील दहावे गणित हाती घेताना इथे अवयवच पाडायचे आहेत, हे तुमच्या मुलीला गणित वाचण्यापूर्वीच ठाऊक असते. परीक्षेत ते कोणी सांगत नाही; कोणती रीत लावायची हे तिथे स्वतः ओळखावे लागते आणि नेमका या ओळखण्याचाच सराव वर्षभर राहून गेलेला असतो.

डग रोरर आणि केली टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चार घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एकेका आकृतीची गणिते सलग सोडवली, तर दुसऱ्या गटाला चारही आकृत्यांची गणिते सरमिसळ करून दिली. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के आणि सरमिसळ सोडवणाऱ्यांची ६० टक्के उत्तरे बरोबर आली. आठवड्याने चाचणी घेतली, तेव्हा सलग सराव केलेल्या गटाची जेमतेम २० टक्के उत्तरे बरोबर होती आणि सरमिसळ केलेल्या गटाची ६३ टक्के. म्हणजे जी पद्धत पुढे उपयोगी पडते, ती सरावाच्या वेळी अवघड आणि अपयशी वाटते. त्यामुळेच मुले ती लवकर सोडून देतात आणि पालकही त्यांना ती सोडू देतात, याचे मला वाईट वाटते. रोजच्या गणितांपैकी निम्मी तरी महिना-दोन महिन्यांपूर्वीच्या प्रकरणांतून घ्यावीत आणि ती कोणत्या प्रकरणातली आहेत हे तिला दिसू नये, एवढी व्यवस्था तुम्ही करून द्या.

दुसरी गोष्ट सोडवून दाखवलेल्या उदाहरणांची. ती वाचताना प्रत्येक पायरी पटते, परंतु पटणे आणि सुचणे यांत फार अंतर आहे. उदाहरण कागदाने झाकावे, प्रश्न वाचून पहिली पायरी वहीत लिहावी आणि मगच कागद एक ओळ खाली सरकवावा. जिथे आपली पायरी आणि पुस्तकातली पायरी वेगळी निघेल, तिथे थांबावे. तिथेच शिकण्यासारखे काहीतरी असते.

चुकांचेही असेच आहे. समजा तिने (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असे लिहिले. ते खोडून शेजारी बरोबर सूत्र लिहिल्याने पंधरा दिवसांनी तीच चूक पुन्हा होते. त्याऐवजी तिला अ = ३ आणि ब = ४ घ्यायला सांगावे. सातचा वर्ग ४९ होतो, नऊ आणि सोळा यांची बेरीज मात्र २५ भरते. मधले २४ कुठे गेले? सात एकक बाजूचा चौरस चौकटीच्या कागदावर काढून त्याची बाजू तीन आणि चार अशी विभागली, की तीनचा एक चौरस, चारचा एक चौरस आणि प्रत्येकी बारा चौकटींचे दोन आयत स्पष्ट दिसतात. हे दोन आयत म्हणजेच सूत्रातील २अब. ज्या मुलीने ते स्वतः काढून मोजले आहेत, तिच्या हातून मधले पद सहसा सुटत नाही.

प्रश्न : समीकरण सोडवताना पद दुसऱ्या बाजूला नेले की त्याचे चिन्ह बदलते, असे शिकवतात. ते का बदलते? आणि गुणणारी संख्या पलीकडे नेल्यावर तिचे चिन्ह का बदलत नाही? – आठवीतील एक विद्यार्थी

उत्तर : तुझी शंका अगदी योग्य जागी आली आहे. खरे म्हणजे कोणतेही पद पलीकडे जात नाही. २क्ष + ५ = १७ या समीकरणात आपण दोन्ही बाजूंतून ५ वजा करतो. डावीकडचे ५ नाहीसे होतात, उजवीकडे १७ − ५ उरते आणि ५ चिन्ह बदलून पलीकडे गेल्यासारखे दिसते. पुढे २क्ष = १२ यात २ ने गुणलेले आहे, म्हणून दोन्ही बाजूंना २ ने भागायचे आणि क्ष = ६ मिळवायचे. −३क्ष = १२ हे समीकरण घेऊन पाहा. नुसते ‘चिन्ह बदलते’ एवढेच लक्षात ठेवलेला विद्यार्थी १२ + ३ करून १५ लिहितो. दोन्ही बाजूंना −३ ने भागणाऱ्याला −४ मिळते.

या गोंधळाचे मूळ बरोबरच्या चिन्हात आहे. लहानपणी आपण ते ‘आता उत्तर लिहा’ अशा अर्थाने वाचतो, म्हणूनच ८ + ४ = __ + ५ यातील रिकाम्या जागी पुष्कळ मुले ७ ऐवजी १२ लिहितात. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली हे चिन्ह प्रथम छापले, तेव्हा दोन समांतर रेघांपेक्षा अधिक सारख्या अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत, असे त्याचे कारण दिले होते. दोन्ही बाजू सारख्या आहेत आणि प्रत्येक पायरीनंतर त्या सारख्याच राहिल्या पाहिजेत, हे धरून चाललास तर वेगळा नियम पाठ करावा लागणार नाही. शेवटी क्षची किंमत मूळ समीकरणात घालून ताळा मात्र अवश्य कर.

प्रश्न : भूमितीतील प्रमेयांच्या सिद्धता पाठ कराव्यात का? – दहावीतील एक विद्यार्थिनी

उत्तर : विधान शब्दशः पाठ असावे, सिद्धता मात्र नाही. बहुतेक सिद्धतांमध्ये खरी कल्पना एकच असते. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८०° असते, हे दाखवताना अबक त्रिकोणाच्या अ या शिरोबिंदूतून बक बाजूला समांतर रेषा काढतात. ही रेषा सुचली, की व्युत्क्रम कोन सारखे असल्याने खालचे दोन्ही कोन वर येऊन अ कोनाच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि तिघे मिळून सरळ कोन होतो. एवढी एक रेषा आणि ती का काढली याचे कारण लक्षात ठेव. बाकीच्या ओळी तुला स्वतः लिहिता येतील. दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर त्रिकोण तिरका काढून आणि शिरोबिंदूंना वेगळी अक्षरे देऊन तीच सिद्धता लिहून पाहा, कारण अक्षरांसकट पाठ केलेली सिद्धता आकृती फिरली की पहिल्याच ओळीत अडते.