पाचव्यांदा उठली तेव्हा

नागपूर, रविवार

प्रिय बेटा,

परवा सिव्हिल लाइन्सच्या देशपांडे सभागृहातून, बाळंतिणीवरचं ते विनोदी नाटक बघून निघताना तू विचारलंस, "मावशी, मी पोरगा. आईपणावर विनोदी लिहायचा मला काय अधिकार?" पार्किंगच्या गर्दीत उभ्या उभ्या द्यायचं ते उत्तर नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

आधी तो रात्रीचा प्रवेश आठव. नटी दिवाणावर पडते, डोळा लागतो, पाळण्यातून आवाज येतो, ती उठते. पुन्हा पडते, पुन्हा उठते. पहिल्या तीन वेळा सगळं सभागृह हसलं. चौथ्यांदा हसू विरलं. पाचव्यांदा ती उठली तेव्हा शांतता होती आणि तू माझ्या कानाशी म्हणालास, "लांबलं." सहाव्यांदा मागच्या रांगेतली एकच बाई हसली. "माय व!" असं तिच्या तोंडून निघालं आणि मग कुठून कुठून बायका हसायला लागल्या. नवरे माना वळवून बघत होते, आत्ता एवढं काय झालं म्हणून.

तुला लांबलं, कारण तुला हिशेब माहीत नाही. नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा अंगावर पितं. दर वेळी पाजायचं, खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, ओलं दुपटं बदलायचं, थोपटायचं. हे होईपर्यंत पुढची वेळ जवळ आलेली असते. नटीनं आपल्या विनोदाचा ताल त्या बाळाच्या पोटावरून घेतला होता. चौथ्या वेळी हसू ओसरलं तरी ती घाबरली नाही, हे तिचं मोठेपण. तू असतास तर तिथं एखादी कोटी टाकली असतीस. तुझ्या मागच्या एकांकिकेत तू तेच केलंस. हसू थांबलं की तुझा हात लगेच कोटीकडे जातो. तो आवर.

"दूध पुरतं ना?" हा प्रश्न सासू, शेजारीण, मालिशवाली आणि शेवटी भाजीवालाही विचारतो, तो भागही असाच तपशिलानं उभा राहिलेला. त्यात आईची टर कुठंच नव्हती. उत्तरार्धातली सासू मात्र मला पटली नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, सगळं हशासाठी वापरलं. पण पहाटे तीनला बाळाला घेऊन फेऱ्या मारणारीही बरेचदा तीच म्हातारी असते. तिला कोण विचारतं, झोपलीस का म्हणून? तिथं एक अख्खा प्रवेश होता, तो राहून गेला.

आता जे सांगते ते मी तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली म्हणून सांगते. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला एडिनबरो नावाची एक प्रश्नावली वापरतात. १९८७ साली प्रसिद्ध झालेली, दहाच प्रश्नांची. तिचा पहिला प्रश्न काय आहे? गेल्या सात दिवसांत तुला हसता आलं का, गोष्टींतली गंमत दिसली का? झोप, रडू, भीती, सगळं त्यानंतर. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र विचार करणारा एक लेख २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात अशा नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे दर पाच बाळंतिणींत एकीहून थोडं जास्तच. पहिले काही दिवस डोळे भरून येणं नेहमीचं आहे. पण दोन आठवडे उलटूनही मळभ जात नसेल, तर डॉक्टर गाठायलाच हवा.

आमच्या वॉर्डात एक मुलगी चार दिवस भिंतीकडे तोंड करून होती. मी तिला म्हणाले, "बाळ इतकं गोड आहे, रडून काय राहिली?" मला वाटलं, मी धीर दिला. त्यानंतर ती माझ्यासमोर रडलीच नाही. मी तिला गप्प केलं, हे कळायला मला पुढं कित्येक वर्षं लागली. मागच्या रांगेतलं ते "माय व!" ऐकून मला ती आठवली. तिला असं एखादं सभागृह मिळायला हवं होतं, जिथं न रडता, न सांगता नुसतं ओळखून हसता आलं असतं.

म्हणून तुझ्या अधिकाराची मला काळजी नाही. आपल्या पूर्व विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यात बाईची कामं पुरुषच करत आले. त्यातला चांगला नाच्या पाणी आणणाऱ्या बाईची चाल नीट बघून आलेला असतो, कमरेवर घागर असली की कुठला पाय आधी पडतो तेसुद्धा. तू काय बघितलं आहेस? तुझ्या वहीत आईच्या मायेवर तीन पानं आहेत. ओल्या दुपट्यावर एक ओळ नाही.

आणखी एक. मध्यंतरात पायऱ्यांवर एक मुलगी फोनवर विचारत होती, "उठला का? रडून राहिला का?" तिसऱ्या घंटेनंतर ती आत आली नाही. जिच्यासाठी हा प्रयोग, तिला रात्री साडेनवाचा खेळ कसा जमणार? तुझं लिहून झालं की पहिला प्रयोग दुपारी लाव, एखाद्या लहान सभागृहात, आणि बाळं रडली तरी चालतील असं तिकिटावरच छाप.

माझी भाची बाळंतपणाला माझ्याकडे आली आहे. बाळ दोन महिन्यांचं आहे. तू दिवसभर येऊन बसशील, कामाला हात लावशील, चालेल का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, येऊ दे, पण मला बघत बसू नको म्हणावं, दुपटी वाळत घालू दे. तर गुरुवारी सकाळी सातला ये. वही पिशवीतच ठेव. बेल वाजवू नको, खाली आलास की फोन कर. मी दार उघडते.

तुझी,
मावशी