पणजोबांच्या डब्यातील गांधी नाणी आणि युद्धपदक यांचे मोल कसे ओळखावे?

आपण लिहिले आहे की, पणजोबांच्या पत्र्याच्या डब्यात गांधीजींची चांदीची दहा रुपयांची दोन नाणी, वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे आणि एका बाजूस राजाचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस घोडेस्वार असलेले चांदीचे पदक सापडले आहे, आणि अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात अशी जाहिरात आपल्या पाहण्यात आली आहे. मी बरीच वर्षे नाणी आणि पदके जमवत आलो आहे, आणि माझ्या मते या डब्यातील सर्वांत मोलाची वस्तू ते पदक आहे.

आधी नाण्यांचे पाहू. गांधीजींच्या नाण्यावर 1869-1948 अशी वर्षे असल्यामुळे अनेकजण ते 1948 सालचे समजतात. प्रत्यक्षात ते जन्मशताब्दीनिमित्त 1969 मध्ये निघाले. त्याचे वजन 15 ग्रॅम असून त्यात 80 टक्के चांदी आहे, म्हणजे शुद्ध चांदी 12 ग्रॅम. त्यामुळे त्या दिवशीच्या चांदीच्या भावाने 12 ग्रॅमची जी रक्कम होईल, ती आपल्या प्रत्येक नाण्याची किमान किंमत धरावी. त्याहून अधिक काही मिळायचे असेल तर ते नाण्याच्या स्थितीवर आणि टांकसाळीवर अवलंबून राहील. वर्षांजवळ इंग्रजी ‘बी’ अक्षर असेल, तर ते मुंबईच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी आरशासारखी झळाळी देऊन पाडलेले ‘प्रूफ’ नाणे असते आणि त्याला वेगळा भाव मिळतो.

वैष्णोदेवीचे नाणे चलनासाठी मोठ्या संख्येने पाडलेले आहे, आणि देवीची प्रतिमा असल्याने एखादे नाणे दुर्मीळ होत नाही. जुनी नाणी विकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा त्या बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. विक्रीपूर्वी जो पैसे मागतो त्याच्याशी बोलणे तिथेच थांबवावे.

आता पदकाकडे येतो. आपल्या वर्णनावरून ते पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आहे. ते लाखोंच्या संख्येने दिले गेले, म्हणून नुसता नमुना दुर्मीळ नाही. परंतु त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि संग्राहक खरी किंमत देतो ती या एका ओळीची. कडेवर 103 किंवा 117 मराठा पलटणीचे नाव निघाले, तर डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत या गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकलेल्या त्या पलटणींत आपले पणजोबा होते का, हा प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे उत्तर कागदपत्रांनिशी मिळाले तर त्याच पदकाचे मोल कितीतरी वाढते. म्हणून पगाराचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचा कागद, जुना फोटो, जे असेल ते पदकासोबतच ठेवावे, आणि दुसरे पदक सापडले तर जोडी फोडू नये. पदकाचा व्यास 36 मिलिमीटरच्या आसपास असायला हवा. तो काही ठिकाणी कमी भरला, तर मूळ नाव कानशीने घासून त्यावर दुसरे नाव ठोकल्याची शंका घ्यावी.

एक कळकळीची विनंती आहे. सुरुवातीच्या काळात मी एक चांदीचे पदक चकचकीत व्हावे म्हणून दंतमंजनाने घासले आणि शंभर वर्षांत त्यावर चढलेली करडी छटा व नावाच्या अक्षरांची धार दोन्ही घालवली. ते नुकसान भरून येत नाही. रंग उडालेली फीतसुद्धा बदलू नये. नाणी मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नयेत, कारण त्यांतून सुटणाऱ्या रसायनांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो.

परदेशातून मागणी आली तरी हे पदक पाठवू नये. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठवण्यास 1972 च्या पुरावशेष कायद्याने मनाई आहे. तूर्त भिंगाखाली कडेवरचे प्रत्येक अक्षर आणि अंक जसेच्या तसे उतरवून येथे लिहावेत, म्हणजे पलटण कोणती ते पाहता येईल.