काट्याचं वजन ऑफिसातल्या संगणकावर

प्रश्न : आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. बी खरेदीचा काटा गोदामात आणि संगणक 60 मीटरवरच्या ऑफिसात. वजन चिठ्ठीवर लिहून नेताना आकडे चुकतात, मग शेतकऱ्यांशी वाद होतात. काट्याच्या इंडिकेटरला मागे 9 पिनांचं सिरियल सॉकेट आहे. एका टोकाला तशी पिन आणि दुसऱ्या टोकाला नेटवर्कची पिन असलेली वायर आणून नेटवर्कच्या स्विचला जोडली, पण स्विचचा दिवाही लागत नाही. काटा बिघडला असेल का? – एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : काटा बिघडला म्हणायचं काही कारण दिसत नाही. ती वायर मात्र आधी स्विचमधून काढा. तिने फक्त पिनेचा आकार बदलला. काट्याच्या सिरियल सॉकेटची पद्धत आरएस-232. तिच्यात एकेक बिट 3 ते 15 व्होल्टच्या खाली-वर होणाऱ्या दाबाने जातो, तर इथरनेटवर पत्ता घातलेली पाकिटं जातात. मध्ये दुभाषा हवा. त्या पेटीला सिरियल डिव्हाइस सर्व्हर म्हणतात.

पेटी घ्यायच्या आधी एक काम करा. यूएसबी-सिरियल वायरने लॅपटॉप थेट काट्याला जोडा, पुटी (सिरियलवर येणारी अक्षरं दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि काट्यावर एक पोतं ठेवा. स्क्रीनवर आकडे धावू लागले तर अर्धी लढाई जिंकलात. वेडीवाकडी अक्षरं आली तर बॉड रेट, म्हणजे बिट पाठवायचा वेग, चुकलाय. 9600 ने बघा, मग 4800, 2400. तरीही अक्षरं चुकली तर डेटा बिट (एका अक्षराला किती बिट) आणि पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) तपासा, काही काटे 7 बिट आणि ईव्हन पॅरिटीवर चालतात. काहीच आलं नाही तर 2 आणि 3 नंबरच्या तारा उलट करून बघा, 5 नंबर ग्राउंड तसाच ठेवा. काही इंडिकेटर बटण दाबल्याशिवाय वजन पाठवत नाहीत, तेही मेनूत पाहा. जुळलेली सेटिंग वहीत लिहून ठेवा, पेटीत तीच भरायची आहे.

पेटी काट्याशेजारीच बसवा. आरएस-232 ची वायर 15 मीटरच्या आत ठेवलेली बरी, नेटवर्कची मात्र 100 मीटरपर्यंत चालते. पेटीला कायमचा आयपी पत्ता द्या, राउटर आपणहून वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर जुनं असेल, त्याला कॉम पोर्टच (संगणकाचं स्वतःचं सिरियल सॉकेट) कळत असेल, तर पेटीसोबत येणारा व्हर्च्युअल कॉम पोर्टचा ड्रायव्हर टाका. सॉफ्टवेअरला वाटतं काटा संगणकालाच जोडलाय.

आपल्याकडे वीज जाते-येते. ऑफिसचा संगणक बंद पडला आणि पेटी चालू राहिली, तर पेटी जुनं कनेक्शन धरून बसते आणि नवीन घेत नाही. गिऱ्हाईक खोळंबतं आणि सगळे काट्याला दोष देतात. पेटीत कीप-अलाइव्ह, म्हणजे पलीकडचा संगणक चालू आहे का ते तपासत राहायची सोय, 1 मिनिटावर ठेवा.

गोदाम आणि ऑफिस या वेगळ्या इमारती असतील तर मधे तांब्याची वायर टाकू नका. रत्नागिरीत मिरकरवाड्याजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी ती टाकली होती. जूनच्या पहिल्याच गडगडाटात पेटी, स्विच आणि इंडिकेटरचं पोर्ट, तिन्ही गेली. ऐन हंगामात मालकाचे 4 दिवस बुडाले. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी दोन इमारतींमध्ये फायबरच (प्रकाशाने संदेश नेणारी काचेची तार) टाकतो, दोन्ही टोकांना फायबर आणि नेटवर्कची वायर जुळवणारा मीडिया कन्व्हर्टर लावतो आणि पेटी सिरियल बाजूला आयसोलेशन (विजेचा थेट संबंध तोडणारी सोय) असलेलीच मागतो. थोडी महाग पडते, पण काट्याचं कार्ड बदलण्यापेक्षा स्वस्त. आणि पेटी उघड्यावर ठेवू नका, झाकणाच्या डब्यात बसवा. आपल्या खाऱ्या हवेत पिनांवर हिरवट थर चढायला एक पावसाळा पुरतो.